फोडींना दिलेला ताण

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातही दुसरीत दोनदा बसलो. पण संत्र्याच्या बाबतीत मला काही शिकवील असा माणूस सौंसर तहसिलीत मी अजून पाहिला नाही. कोणाला ही बढाई वाटली तर वाटू द्या. अशा मला या वयात एका काचेच्या बरणीपुढं गप्प बसावं लागलं, म्हणून लिहून ठेवतो.

आमची संत्र्याची वाडी मोहगावच्या रस्त्याला आहे. विहिरीजवळ एकच जुनं झाड उरलं होतं, माझ्या बापानं लावलेलं. त्याच्या जोडीची सगळी गेली, त्यांच्या जागी मी नवी लावली. नव्यांचं फळ गोड आहे, नाही म्हणत नाही. पण त्या जुन्याचं फळ जाड सालीचं, देठाशी मान काढलेलं. फोड तोंडात टाकली की आधी आंबट लागायची, मग गोड, आणि सगळं गिळून झाल्यावर कानामागून काहीतरी गार सरकल्यासारखं व्हायचं. हे तिसरं दुसऱ्या कोणत्याच झाडाला नव्हतं.

त्या झाडाला डिंक्या लागला. बुंध्याची साल फुटून डिंक वाहू लागला. मी साल खरडली, मोरचूद-चुना लावला. कलम करायला त्याचे डोळे काढून दोनदा रोपांवर बांधले, एकही धरला नाही. गेल्या कार्तिकात त्यानं बावन्न फळं दिली. ती शेवटची, हे मला दिसत होतं. झाड जाईल त्याचं दुःख होतंच, पण ती चव जगातून जाईल आणि मी ती कोणाला सांगूही शकणार नाही, हे जास्त लागत होतं.

नात दिवाळीला आली होती. ती नागपूरला हॉटेलात गोडाचे पदार्थ बनवते. तिला हे बोललो तर म्हणाली, "आबा, चव ठेवता येते."

"मुरब्ब्यात? त्यात साखरच लागते फक्त."

"मुरब्बा नाही. दारूत."

मी ताटावरून उठलो. माझ्या घरात कधी बाटली आली नाही. संत्रा तोडायला येणारा कोणी पिऊन आला तर मी त्याला फाटकातूनच परत पाठवतो. एकाला तर वीस वर्षं काम केल्यावर काढलं. आणि आता माझ्या बापाच्या झाडाचं फळ दारूत बुडवायचं?

तीन दिवस मी नातीशी बोललो नाही. चौथ्या दिवशी माझी बुढी भाकरी थापता थापता म्हणाली, "राहू द्या. झाडबी जाईन, चवबी जाईन, तुमचा हट्ट तेवढा घरात राहीन. त्यालेच चाटत बसा."

मी नातीला म्हणालो, "बाटली येईल. पण आणीन मी. माझ्या घरची पोर त्या दुकानात उभी राहणार नाही."

धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून सौंसरच्या दारूच्या दुकानापुढं रांगेत लागलो. माझ्या पुढं नेमका तोच, मी कामावरून काढलेला तोडणीवाला. त्यानं वळून पाहिलं.

"काकाजी, तुम्ही?"

"संत्र्यासाठी पायजे," मी म्हणालो.

"हाव न. आम्हीबी संत्र्यासाठीच आलो."

सगळी रांग हसली. मी पांढरी रम घेतली आणि बाटली उघड्या हातात धरून बस स्टॅंडापर्यंत चालत आलो. पिशवीत लपवली नाही.

नातीनं अर्धी फळं घेतली. अर्धी मी झाडावरच ठेवली, एकदम सगळं तोडायची मला सवय नाही. तिनं सोललं, शिरा काढल्या, फोडीच्या आतल्या कडेला चीर देऊन बिया काढल्या, बरणीत एक थर फोडी, एक थर साखर असं भरलं आणि वरून रम ओतली. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा बरणीत गढूळ पाणी होतं. फोडी भिजल्या कापसासारख्या सुटल्या होत्या. तिनं चमचाभर चाखलं आणि चमचा खाली ठेवला.

"फळाचंच पाणी सुटलं आबा. दारू फिकी पडली. संत्रं लागतच नाही." मग म्हणाली, "चुकलं माझं. शेवटची फळं होती, अन् मी खराब केली."

मी रागावणार होतो. पण ती त्या बरणीकडं जशी पाहत होती तसा मी झाडाच्या बुंध्याकडं पाहायचो. मी बाहेर जाऊन बांधावर बसलो.

तिथं बसून मला ताण आठवला. आम्ही बहार धरतो तेव्हा झाडाचं पाणी तोडतो. पानं मलूल होतात, कडा वळतात, रस्त्यानं जाणारा म्हणतो, बुढ्याची वाडी वाळली. मग पाणी सोडलं की झाड असं पितं की आठवड्या-दोन आठवड्यांत पानापेक्षा फूल जास्त. भरल्या पोटाचं झाड तसं पीत नाही. मग भरल्या पोटाची फोड तरी कशी पिणार?

घरात येऊन म्हणालो, "फोडींना ताण देऊ."

नात हसली. मग हसायची थांबली. "अवो आबा, हे कसं सुचलं नाही मला."

उरलेली फळं मी स्वतः सोलली. सुपात धुतलेलं कापड टाकून फोडी सावलीत पसरल्या, वरून मलमल. दिवसातून चारदा एकेक उलटवायचो. बुढी म्हणाली, "लेकरं झाली तेव्हा एवढं उलटपालट केलं असतं तं म्या आराम केला असता." तिसऱ्या दिवशी फोडीची साल बोटाला कागदासारखी लागली, पण दाबलं की आत अजून जीव लागत होता. पानाची कड वळते तेव्हा झाड असंच असतं. मी म्हणालो, "आता पाणी सोड."

नातीनं बाटलीत उरलेली रम सोडली. सकाळी पाहतो तर रम दोन बोटं उतरलेली. फोडी फुगलेल्या, पण फुटलेली एकही नाही. बरणी खिडकीशी धरली तर प्रत्येक फोडीच्या आतला रसाचा दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. साठ वर्षं मी संत्रा हाताळतो. त्याच्या पोटात एवढं काम आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी किती वेळ बरणी धरून उभा होतो कोण जाणे. बुढीनं हातातून काढून घेतली.

पौषात झाड पाडलं. गुढीपाडव्याला नात आली आणि बरणी उघडली. झाकण निघालं तसा विहिरीजवळचा वास स्वयंपाकघरभर झाला. तिनं गार रबडीवर दोन फोडी ठेवल्या, बरणीतलं थोडं पाणी सोड्यात घालून स्वतःसाठी ग्लास केला.

"मला तीच चव वाटते आबा. पण खरं तुम्हीच सांगू शकता."

मी वाटीकडं पाहत राहिलो. बुढी म्हणाली, "खा आता. संत्रंच आहे."

खाल्लं. आधी आंबट. मग गोड. मग जाळ, आणि वाटलं, संपलं, पुढं काही नाही. आणि जाळ विझल्यावर कानामागून ते गार सरकलं.

पण माझ्या जिभेला तेच हवं होतं, म्हणून मला तिचा भरवसा वाटेना. एका डब्यात दोन फोडी घेऊन मी त्या तोडणीवाल्याच्या घरी गेलो. वीस वर्षं त्या झाडाची फळं त्यानंच तोडली होती. काही न सांगता डबा पुढं केला. त्यानं एक फोड तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

"विहिरीजवळचं," तो म्हणाला. "तुम्ही तं पाडलं न ते?"

मी मान हलवली. दुसरी फोड मी माझ्यासाठी ठेवली होती. डबा परत त्याच्यापुढं केला.