कोरी बोटं

मी फौजदार असतानाची, बडोद्याच्या तरसालीतली ती मारहाण इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

वासी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची दुपार; पतंगांचाच दिवस. बडोद्यात त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात लेथ चालवणारा एक टर्नर आपल्याच इमारतीच्या जिन्यात डोकं फुटून पडलेला सापडला. लोखंडी पाइपचा घाव, तोही मागून. तो बेशुद्ध होता. फिर्याद त्याच रात्री त्याच्याकडेच राहणाऱ्या मेहुण्याने दिली आणि नाव घेतलं तळमजल्यावरच्या मास्तरांचं. सकाळीच गच्चीवरच्या लाउडस्पीकरच्या आवाजापायी मास्तरांची टर्नरशी बाचाबाची झाली होती. सगळ्या सोसायटीने ती ऐकली होती.

मास्तर आमच्यासारखेच जुने बडोदेकर मराठी. ठाण्यात आले ते इस्त्रीचा शर्ट घालून.

"अटक झाली की शाळा निलंबित करते ना हो, साहेब?"

घटनेच्या वेळी ते घरी एकटेच होते, साक्षीला कोणी नाही. अटकेसाठी वरून तगादा सुरू झाला. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगितलं नाही. "मास्तरांना कशाला धरता? गेल्या आठवड्यात सत्यनारायणाच्या पूजेत मेहुण्याने सगळ्यांदेखत टर्नरची थप्पड खाल्ली, ते विचारा."

चौकशीचा माझा क्रम ठरलेला असे: आधी जागा, मग तोंड, शेवटी हात. जिना पाहून झाला होता. मेहुण्याला बोलावून समोर बसवलं, चहा दिला.

"काल दुपारी कुठे होतास?"

"अकोट्याला, मित्राच्या गच्चीवर. दोन्ही दिवस पतंगच उडवले, साहेब. जेवायलाही खाली उतरलो नाही."

"किती कापले?"

"मोजतंय कोण!"

"हात दाखव."

आमचा हवालदार पतंगवेडा. बंदोबस्त संपवून तोही गच्चीवर गेला होता. तर्जनीला पट्ट्या, पेरांत मांज्याचा गुलाबी रंग. त्याने आपला पंजा मेहुण्याच्या पंजाशेजारी ठेवला. मेहुण्याची बोटं कोरी होती. चीर नाही, रंग नाही.

"भाई, तू तर फिरकीसुद्धा धरली नाहीस," हवालदार म्हणाला.

मेहुण्याने हात टेबलाखाली ओढून घेतले. मग सगळं बोलला. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून लगेच पंच बोलावले. त्यांच्यासमोर त्याने पाण्याच्या टाकीमागून रक्ताळलेला पाइप काढून दिला.

खटला मॅजिस्ट्रेटसमोर चालला. टर्नर वाचला होता, पण मारणाऱ्याला त्याने पाहिलंच नव्हतं. बचाव पक्षाने अकोट्याचा मित्र उभा केला. उलटतपासणीत तो अडखळला आणि म्हणाला, "दुपारी तो नव्हता. अंधार पडल्यावर आला, आणि एकही पतंग उडवला नाही." मास्तर प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर येऊन बसत. त्यांना कोणी बोलावलेलं नसे. आरोपीला शिक्षा झाली त्या दिवशी ते उठले, दाराबाहेर गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"आता जेवण जाईल, साहेब," म्हणाले.

त्या खटल्याने मला एक शिकवलं. ओरडून भांडणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. अपमान मुकाट गिळणाऱ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पुढे कोणत्याही मारहाणीत मी आधी विचारत असे, इथे गप्प कोण बसलं होतं?

निकालानंतरच्या उत्तरायणाला मास्तरांनी मला आपल्या गच्चीवर नेलं. संध्याकाळी त्यांनीच माझ्या चिरलेल्या बोटाला पट्टी लावली. "असू द्या, साहेब," ते म्हणाले, "आता तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."