वरच्या मजल्याचा दरवाजा

दिवाळीचा किल्ला करण्यात मी स्वतःला उस्ताद समजतो. पुण्यात माझा राजगड बघायला पलीकडच्या गल्लीतली पोरं यायची. इथे सिंगापूरला, क्लेमेंटीत, मातीसुद्धा नर्सरीतून पिशवीत आणावी लागते आणि वर पेरायला अळीव लिटिल इंडियातून. तरी मंडळाच्या किल्ला स्पर्धेत दर वर्षी मुलीच्या नावावर माझाच किल्ला जायचा. तीनदा दुसरा नंबर आला. त्याचं दुःख मलाच जास्त व्हायचं.

यंदा बारा वर्षांच्या लेकीने जाहीर केलं, किल्ला मीच करणार, आणि तो स्वानेतीचा.

जूनच्या सुट्टीत आम्ही जॉर्जियाला गेलो होतो. तिथे स्वानेतीच्या डोंगरांत मध्ययुगातली दगडी बुरुजांची गावं अजून उभी आहेत. गावाला तट नाही. घराघराला आपापला उंच, चौकोनी बुरूज. महादरवाजा कुठे आणि राजा कुठे बसायचा, असं आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीला मी विचारलं, तर ती हसतच सुटली. मग ती लेकीला घेऊन शिडीने बुरुजात चढली. मी खाली फोटो काढत बसलो.

दिवाळी जवळ आल्यावर लेकीने मत्स्यालयाच्या दुकानातून खडे आणले आणि तीन आठवडे चिखलात एकेक खडा बसवत सात बुरूज उभे केले. मी हात मागे बांधून फिरायचो. जीव नुसता तळमळायचा.

स्पर्धेच्या सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी नीट पाहिलं. एकाही बुरुजाला खाली दार नव्हतं! पोर विसरली, म्हणून मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. सगळ्यात मोठ्या बुरुजाचे खडे काढून मी झकास कमान केली. तिने बाहेर येऊन ती पाहिली, खाली बसली आणि अख्खी बुजवून टाकली. हॉलवर नेताना किल्ल्याला तिने मला हातही लावू दिला नाही.

परीक्षक काका म्हणजे सह्याद्री पायाखाली घातलेले निवृत्त बँकर. त्यांची नजर आधी महादरवाजा शोधते.

"तट नाही, दरवाजा नाही, महाराजांना बसवायला जागा नाही," ते म्हणाले. "याला किल्ला कसं म्हणायचं?"

तीन आठवड्यांची तिची मेहनत आता एका वाक्यात जाणार होती.

लेकीने दुसऱ्या मजल्यावरच्या भोकाकडे बोट दाखवलं. तिथे काडेपेटीच्या काड्यांची शिडी टेकवलेली होती. तिने दोरा ओढला, तशी शिडी आत गेली.

"दार वर आहे, काका," ती तिच्या सिंगापुरी मराठीत म्हणाली. "शिडी आत घेतली की एनिमी खालीच, लाह. आणि राजा नव्हताच. प्रत्येक घर स्वतःचा किल्ला सांभाळायचं."

काका गुडघे टेकून जमिनीवर बसले. त्यांनी शिडी स्वतः खाली सोडली, वर ओढली, पुन्हा सोडली. मग सगळ्या बापांना धडकी भरवणारा त्यांचा नेहमीचा प्रश्न आला: बाबांनी किती मदत केली?

दर वर्षी या प्रश्नाला ती माझ्याकडे बघायची. या वेळी बघितलं नाही.

"बाबांनी खाली एक दार पाडलं होतं," ती म्हणाली. "मी ते बुजवलं."

हॉलभर हशा पिकला. काकांनी उठून तिच्याशी हात मिळवला. पहिला नंबर घ्यायला ती एकटी स्टेजवर गेली, आणि माझे तळहात लाल होईपर्यंत मी टाळ्या वाजवल्या.