रेडिएटरचं विरजण

इंग्लंडात लेकीकडे आल्यापासून माझं दही काही केल्या लागत नव्हतं. रोज पातेलं खोली गरम करणाऱ्या, भिंतीवरच्या रेडिएटरपाशी जमिनीवर ठेवायचं आणि सकाळी पाहावं तर दूधच. रेडिएटर वरून तापायचा, खाली गारढोण. या घरात माझ्या हाताला यशच नाही, असं वाटू लागलं होतं.

काल प्लंबर आला. त्यानं रेडिएटर सोडवला, तर आतून काळंकुट्ट पाणी आलं.

"आई, तेच पाणी वर्षानुवर्षं घरभर फिरतं. गंजाचा गाळ तळाशी बसतो, म्हणून खाली तापत नाही," लेक म्हणाली.

मी मनात हसले. तेच ते घोळवून मीही इथं अशीच गढूळ झाले होते की!

सगळं धुऊन प्लंबरनं नवं पाणी भरलं आणि गंज धरू नये म्हणून त्यात एक छोटी बाटली औषध ओतलं. एवढ्या घराला एवढंसं? अगं बाई, हे तर विरजणच!

संध्याकाळी रेडिएटर तळापर्यंत हाताला गरम लागला. मी पातेलं ठेवलं.

आज सकाळी ते उचललं आणि सरळ उलटं धरलं.

"आई, कार्पेट!" लेक किंचाळली.

दही जागचं हललं नाही.