दुभाष्याचं स्वतःचं वाक्य

साहेबराव त्रिभुवन बजाजनगरात एकटे राहतात. वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मशीनवर काढून ते निवृत्त झाले. बायको गीताबाई दोन वर्षांपूर्वी अचानक गेली. एकुलती मुलगी अमृता नाशिकला नांदते. ती दर रात्री जेवणाच्या वेळेला फोन करते आणि साहेबराव तिला दर रात्री सांगतात, "सगळं ठीक आहे."

लहानपणी ते पिशोरजवळच्या मिशनच्या बोर्डिंगात शिकले. तिथल्या एका परदेशी फादरनं त्यांना इंग्रजी असं घोटून शिकवलं की ते जन्मभर पुरलं. कारखान्यात बाहेर देशाचा इंजिनिअर आला की सुपरवायझर हाक मारायचा, "अरे, त्रिभुवनला बोलवा." इंजिनिअर काय सांगतोय ते साहेबराव सगळ्या लाईनला समजावायचे. त्यात कधी चूक झाली नाही.

म्हणूनच फादर जोकीम त्यांच्याकडं आले. शहरात छावणीच्या अलीकडं येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट फादरांच्या, विद्यापीठाचं सभागृह आहे. तिथं हिवाळ्यात दर शनिवारी चार वाजता कॅथलिक तत्त्वज्ञान आणि श्रद्धा या विषयावर व्याख्यान असतं. कुणीही यावं, फुकट ऐकावं. पण व्याख्यान इंग्रजीत. बजाजनगरातल्या आपल्या ख्रिस्ती माणसांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. फादर जोकीम वसईचे, व्याख्यानांची व्यवस्था त्यांच्याकडं. ते म्हणाले, "साहेबराव, शेवटच्या रांगेत डाव्या कोपऱ्याला बसा आणि हळू आवाजात मराठीत सांगत जा."

पहिल्या वर्षी अकरा जण आले. दुसऱ्या वर्षी सहा. गीताबाई पहिल्या वर्षीच्या अकरांत होती, पण ती भाषांतर ऐकण्यापेक्षा नवऱ्याच्या बंडीची गुंडी लागलीय का ते बघायची. यंदा चारच उरले. त्यांत गोकुळ साळवे होते, जे शाळेच्या वहीत सगळं लिहून घ्यायचे, आणि पंचाहत्तरीच्या भागूबाई होत्या, ज्या लिहीत काहीच नसत पण सोडतही काही नसत.

एकदा विषय निघाला 'असणं' हा. साहेबराव कुजबुजले, "माणूस जे जे करतो ते सगळं बाजूला काढलं, तरी जे उरतं ते त्याचं असणं."

भागूबाई म्हणाल्या, "सगळं काढल्यावर म्हातारपण उरतंय, दुसरं काय?"

साहेबराव हसले. त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं हसू. खरं तर शनिवार सोडला तर त्यांना बोलायला माणूसच नव्हतं. दूधवाला, किराणावाला, चर्चच्या दारातला रामराम, संपलं. आठवडाभरात त्यांच्या तोंडून जी वाक्यं निघत, त्यांतली बहुतेक दुसऱ्याची असत.

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी केरळचे एक वयस्कर प्राध्यापक फादर आले. विषय होता मेलेल्यांचं आणि जिवंतांचं नातं. आवाज संथ, वाक्यं छोटी. साहेबरावांना काम सोपं जात होतं.

"ते म्हणतात, मेलेली माणसं देवात जगतात. म्हणून आपण देवाजवळ सरकलो की त्यांच्याजवळही सरकतो. ते म्हणतात, श्रद्धा असलेला माणूस एकटा नसतो."

इथं साहेबराव थांबले. व्यासपीठावरचे फादर पुढं बोलत होते. चार जण साहेबरावांच्या तोंडाकडं बघत होते. साहेबराव त्याच हळू आवाजात, त्याच चालीत बोलू लागले.

"पण तसं होत नाय. मी दर रविवारी चर्चात मिस्साला जातो. माळ जपतो. देवाजवळ जेवढं सरकता येतं तेवढं सरकतो. सकाळी भाजी फोडणीला टाकताना विचारतो, मेथीचे दाणे कुठं ठेवलेत गं? दोन वर्षं झाली विचारतोय. काय बी आवाज येत नाय. कुलूप मीच लावतो अन् मीच उघडतो. मग हे एकटं नाय तर काय?"

एवढं बोलून ते भानावर आले. खाली मान घालून त्यांनी फादरांचं पुढचं वाक्य धरलं आणि शेवटपर्यंत नीट सांगितलं. कुणाच्या लक्षात आलं नसावं, असं त्यांना वाटलं.

व्याख्यान संपल्यावर प्रश्नांची वेळ आली. गोकुळ साळवे वही घेऊन उभे राहिले आणि मराठीतच म्हणाले, "फादर, सगळं कळलं. फक्त तो मेथीच्या दाण्यांचा मुद्दा पुन्हा एकदा समजावून सांगा."

सभागृहात दोन-चार जण हसले. प्राध्यापक फादरांनी साहेबरावांकडं बघितलं, कारण प्रश्नाचं इंग्रजी त्यांनीच करायचं होतं. साहेबराव उठले. सावरासावर करता आली असती. पण त्यांनी आयुष्यात कधी चुकीचं भाषांतर सांगितलं नव्हतं. त्यांनी इंग्रजीत सांगून टाकलं की हा मुद्दा तुमचा नाही, माझा आहे. मग मेथीच्या दाण्यांपासून कुलपापर्यंत सगळं सांगितलं.

हसणं थांबलं. प्राध्यापक फादर बराच वेळ बोलले. उत्तर न आलेल्या प्रार्थनेबद्दल, देवाच्या मौनाबद्दल. चांगलं बोलले. साहेबरावांनी त्यातला शब्दही न गाळता मराठी केलं. पण करता करता त्यांना कळत होतं की हे सगळं त्यांच्याच तोंडून जातंय आणि त्यांच्या मनाला भिडत मात्र नाही.

बाहेर आल्यावर गोकुळ म्हणाले, "साहेबरावभाऊ, माफ करा. मला खरंच वाटलं, फादरच म्हणाले."

"तुमची काय चूक? चूक माझी."

पुढचे दोन शनिवार साहेबराव गेले नाहीत. फादर जोकीमांना तब्येत बरी नाही असं कळवलं. चार वाजले की ते दार लोटून पलंगावर पडत. लोकांसमोर उघडं पडल्याची शरम होती. पण त्याहून जास्त खुपत होतं ते वेगळंच. इतकं सगळं बोलून झालं, तरी घरात काही फरक पडला नव्हता.

दुसऱ्या शनिवारी सहाच्या सुमाराला दार वाजलं. भागूबाई होत्या. रिक्षानं एकट्या आल्या होत्या, पत्ता विचारत विचारत. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दोन शनिवार मी नुसती बसले. फादर बोलले, मी आवाज ऐकला अन् घरी गेले."

"भागूबाई, मला लाज वाटते."

"कशाची? माझा मालक लग्नाच्या चौथ्या वर्षी निघून गेला. मेला का जिता, ते आजवर मला ठाव नाय. देवाला काय म्हणून विचारू, तेच कळंना. पन्नास वर्षं झाली, मी कुणाला बोलले नव्हते. तुम्ही बोललात तर मला लई बरं वाटलं."

साहेबरावांनी चहा टाकला. कप हातात घेत भागूबाई म्हणाल्या, "एवढंच करा. फादरांचं कोणतं अन् तुमचं कोणतं, तेवढं सांगत जा. गोकुळच्या वहीत घोळ व्हतो."

पुढच्या शनिवारी साहेबराव गेले. फादर जोकीमांनी खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून व्याख्यान सुटलं की ते पाच जण बाहेरच्या पायऱ्यांवर दहा-पंधरा मिनिटं बसू लागले. साहेबराव सुरुवातीला सांगून टाकत, "आता हे माझं." कधी दोन वाक्यं, कधी एकही नाही. मग बस यायची आणि सगळे पांगायचे. रविवार ते शुक्रवार घर पहिल्यासारखंच असायचं.

मार्चमध्ये शेवटचं व्याख्यान झालं. त्या रात्री अमृताचा फोन आला.

"पप्पा, जेवलात का?"

"जेवलो."

"सगळं ठीक ना?"

साहेबराव म्हणाले, "नाय बाई. मला इथं लई एकटं वाटतं."

पलीकडं ती रडायला लागली. साहेबरावांनी तिला रडू दिलं. पोरांच्या परीक्षा झाल्यावर ती आली, तीन दिवस राहिली, डबे घासून ठेवले, नाशिकला चलता का म्हणून विचारलं. साहेबराव नाही म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी ते तिला बसस्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटल्यावरही ते फलाटावर थोडा वेळ उभे होते, मग घरी जायची वाळूजची बस लागलेली दिसली तशी तिच्यात जाऊन बसले.