हात मांडीखाली

मोठ्या सिस्टर कळा सुरू झालेल्या बाईजवळ बसायच्या, त्या स्वतःच्याच हातांवर. लोखंडी स्टूल ओढायचं, बसायचं आणि दोन्ही पंजे मांड्यांखाली सरकवायचे. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना थंडी वाजतेय. मे महिन्यातही त्या तशाच बसायच्या, तेव्हा थंडीचा प्रश्न नव्हता.

पण हे नंतरचं. त्याआधी त्या बघण्याच्या नव्हत्या, ऐकण्याच्या होत्या. भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या एका लहानशा दवाखान्यात त्या आणि मी, अशा आम्ही दोघी नर्स होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना तो आवाज अजून आठवतो आणि उगाच दचकतील. प्रसूतीच्या खोलीसमोर एसटीचा थांबा होता. आतून ‘जोर लाव गं, जोर!’ असं आलं की थांब्यावरची माणसं मोबाईल खिशात घालून गंभीर व्हायची. एकदा बंद पडलेल्या एसटीला लोक त्याच आवाजाच्या तालावर धक्का देत होते. एसटी सुरू झाली. बाळाला अजून अवकाश होता.

त्या स्वभावानं वाईट होत्या असं मात्र समजू नका. घाबरल्या की त्यांचा आवाज चढायचा, आणि इतकी वर्षं नोकरी करूनही त्या प्रत्येक बाळंतपणाला घाबरायच्या. बाळ रडलं की आवाज उतरायचा. मग स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून बाळंतिणीला भरवायच्या. त्या सोलापूरकडच्या, त्यामुळे आमच्याकडचा भात त्यांना जेवण वाटायचाच नाही. ‘ह्यानं कसली ताकद येते,’ म्हणायच्या आणि तो भात स्वतः खायच्या.

सुरेखाची पहिली खेप त्यांच्याच हातची. तिचं गाव वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला. घरची भाताची खाचरं. त्या दिवशी मोठ्या सिस्टर नेहमीपेक्षा जास्त ओरडल्या, कारण बाळ झाल्यावर सुरेखाचं रक्त थांबेना. इंजेक्शनं, सलाइन, डॉक्टरांची धावपळ. शेवटी थांबलं. पण सुरेखाच्या ध्यानात रक्त राहिलं नाही, आवाज राहिला. घरी निघताना ती दारात थांबली.

“आता पुन्यांदा हितं न्हाई यायची. दुसऱ्या बारीला घरीच मोकळी व्हईन.”

“घरी?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “मरायचंय का तुला?”

हेही त्या ओरडूनच म्हणाल्या. सुरेखानं माझ्याकडं बघितलं, ‘बगा, मी म्हनत नव्हते का’ अशा नजरेनं, आणि गेली.

ते त्यांच्या जिवाला लागलं. एकदा इतकं रक्त गेलेली बाई दुसऱ्या खेपेला डोंगरात, चार बायांच्या भरवशावर बाळंत होणार, आणि तेही आपल्या तोंडाला भिऊन. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मला मध्येच विचारायच्या, “पोरी, मी ओरडते का गं?” ओपीडीतले सगळे पेशंट वळून बघायचे.

पुढं नर्सना मिडवाइफ करायचं प्रशिक्षण निघालं. दीड वर्षाचं, पुण्याला. सरळ चाललेलं बाळंतपण नर्सनंच पूर्ण जबाबदारीनं करायचं आणि सरळ राहिलं नाही की वेळेत डॉक्टरांना बोलवायचं, असं ते काम. माझं नाव लागलं. मोठ्या सिस्टर वयाच्या अटीत जेमतेम बसत होत्या, तरी त्यांनी स्वतःहून अर्ज केला. दवाखान्यात सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. दीड वर्ष शांतता मिळणार होती.

पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी रबराच्या बाहुलीवर बाळंतपण करायला सांगितलं. मोठ्या सिस्टर पुढं झाल्या आणि बाहुलीच्या कानाशी वाकून गर्जल्या, “जोर लाव गं!” शेजारच्या वर्गातले शिपाईमामा पाण्याचा जग घेऊन धावत आले.

“सिस्टर,” मॅडम म्हणाल्या, “ती रबराची आहे.”

“म्हणून तर ऐकंना.”

मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी सांगितलं, आईला तिच्या शरीराचं काम करू द्या, जोर तिला कळतो तेव्हा ती लावते. तुम्ही लक्ष ठेवा, ठोके ऐका, नाडी बघा आणि बाकीचा वेळ हात मांडीखाली घालून बसा. विनाकारण मध्ये पडायचं नाही.

“मॅडम, हात मांडीखाली घातले,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “तोंड कशाखाली घालू?”

वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मग त्या शिकल्या. आपल्या पद्धतीनं शिकल्या. शाळेतल्या पोरांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करून बसवतात तसं त्यांनी स्वतःला बसवलं. कळा देणाऱ्या बाईजवळ त्या ओठ मिटून, हात दाबून बसायच्या आणि गळ्याची शीर फुगायची. मला भीती वाटायची, की बाईच्या आधी याच कधीतरी फुटतील. परीक्षेत पास झाल्या. निकाल कळल्यावर त्यांनी हळू आवाजात ‘बरं’ म्हटलं आणि स्वच्छतागृहात जाऊन ओरडून आल्या.

आम्ही परत आलो तर सुरेखाच्या गावच्या आशाताई बातमी घेऊन उभ्याच. सुरेखाला सातवा महिना होता आणि ती आपल्या बोलण्यावर ठाम होती.

आम्ही तिच्या गावी गेलो. एसटीतून उतरल्या उतरल्या मोठ्या सिस्टरांनी वळणावरूनच आनंदानं हाक मारली, “सुरेखा, ए सुरेखा!” आम्ही घरी पोचेपर्यंत सुरेखा मागच्या दारानं रानात गेली होती.

पुढच्या वेळी मी त्यांना वळणाआधीच बजावलं. त्या ओट्यावर बसल्या, हात मांडीखाली, तोंड बंद. चहा आला, पिऊन झाला. सुरेखाच्या सासूबाई माझ्या कानाशी आल्या.

“ह्यास्नी काय झालंय? दात दुकत्यात का?”

तेवढ्यात सुरेखा दाराआडून डोकावली. न बोलणाऱ्या मोठ्या सिस्टर हा प्रकार तिला बघायचा होता. बघता बघता ती उंबऱ्यावर येऊन बसली.

मोठ्या सिस्टर तिच्याकडं बघून म्हणाल्या, “मागच्या बारीला मी लई ओरडले. चुकलं माझं. पण तुझं रक्त लई गेलतं गं. ते परत जाऊ शकतं. घरी कोण थांबवणार? आता मी शिकून आलेय. ये.”

सुरेखानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“येकदा जरी वरडलात, तर मी उठून जाईन. तशीच.”

“जा,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “दार मी उघडीन.”

आली बाई ती. भर दुपारी, जीपमधून, सासूबाईंना घेऊन. दवाखान्यात बातमी पसरली. डॉक्टर आपल्या खोलीत दार उघडं ठेवून बसले. मोठ्या सिस्टरांनी रक्तस्रावाची सगळी तयारी हाताशी मांडली, ठोके ऐकले, स्टूल ओढलं, हात मांडीखाली घातले आणि गप्प बसल्या. अगदी गप्प. खोलीत फक्त पंखा आणि सुरेखाचा श्वास.

थोड्या वेळानं सुरेखा म्हणाली, “बाई, तुमी गप का?”

मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं.

“माजं काय वाईट हाय का? खरं सांगा. मागल्या टायमाला वरडत व्हता तवा मी वाचले. आता तुमी बोलंनात.” आणि ती रडायलाच लागली. उठून सासूबाईंना म्हणाली, “आत्या, चला घरी.”

ओरडलं तर जाणार होती. न ओरडताही निघाली. मोठ्या सिस्टरांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांच्या तोंडून आवाज निघाला, तो इतका बारीक आणि अनोळखी होता की मी मागं वळून बघितलं.

“सगळं चांगलं चाललंय. बाळाचे ठोके आत्ताच ऐकले मी. बस.” एवढं झाल्यावर पुढं काय बोलावं ते त्यांना सुचेना. असल्या आवाजात त्या आयुष्यात कधी बोलल्याच नव्हत्या. खिडकीतून थांब्यामागची भाताची खाचरं दिसत होती. “हे… भात आमच्या ज्वारीसारखा पाभरीनं पेरत असतील, न्हाई का?”

सुरेखा रडायची थांबली. “पाभरीनं? भात?”

“मग? पेरायचा, वर आला की खुरपायचा.”

“ओ बाई, असं केलं तर खाल काय? आदी राब भाजायचा.” एक कळ आली, तिनं ती डोळे मिटून जाऊ दिली. “पाला, शेन, गवत पसरायचं आन जाळायचं. त्या भाजल्या भुईत बी टाकायचं. रोप आलं की उपटून मुठी बांधायच्या. मग चिखलात लावायचा.”

“उभं राहून?”

“उबं राहून कसा लावशिला? वाकून!” आणि ती दाखवायला वाकली. वाकली ती खाटेला धरून गुडघ्यांवरच आली. वाकलेली बरी वाटली असावी, कारण ती तशीच राहिली. आम्ही दीड वर्ष चित्रांत बघितलेली बैठक तिनं भात लावता लावता घेतली.

मोठ्या सिस्टर विचारत राहिल्या. चिखल किती, पाणी किती, गाणी म्हणतात का. सुरेखा दोन कळांच्या मध्ये त्यांचं अज्ञान दूर करत राहिली. शेवटी जोर तिचा तिनंच लावला. मोठ्या सिस्टर हातमोजे घालून तिच्यामागं चटईवर बसल्या होत्या. आता हात मांडीखाली घालता येईनात, म्हणून त्यांनी ते देवापुढं जोडावेत तसे छातीशी धरले होते. गळ्याची शीर टम्म फुगलेली. सुरेखानं मान वळवून बघितलं.

“पाया नंतर पडा, बाई! धरा लेकराला!”

त्या दिवशी त्या खोलीतून एसटीच्या थांब्यावर ऐकू गेलेलं वाक्य एवढंच.

मुलगी झाली. इंजेक्शन लगेच दिलं. मोठ्या सिस्टरांनी सुरेखाच्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथंच ठेवला. पोट हाताखाली घट्ट होत गेलं. रक्त जायचं तेवढंच गेलं. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला, भिंतीकडं तोंड केलं आणि रडल्या. हे मात्र मोठ्यानं.

“आता वरडलात तरी चालंल,” सुरेखा म्हणाली.

पुढं मोठ्या सिस्टरांना इतर नर्सना शिकवायला त्यांच्याच मुलखात पाठवलं. फोन आला की मी अजूनही तो कानापासून लांब धरते.

“पोरी, हितं पंचाईत झालीय. ज्वारीचं विचारावं, तर ते मला येतं हे बायांना माहितीय.”

“मग काय करता?”

“भात सांगते. आदी राब भाजायचा म्हणते. लई मन लावून ऐकतात.”

त्या नाहीत तर मला चुकल्यासारखं होतं. त्या गोंगाटाची सवय झाली होती म्हणा, किंवा माया म्हणा, मायाच.

परवा सुरेखा आली. जावेची पहिली खेप होती, तिला धरून आणलेली. आत येताच तिनं खोलीभर नजर फिरवली.

“त्या बाई कुटं हायत्या?”

“बदली झाली. सोलापूरकडं.”

तिनं जावेला खाटेवर बसवलं. मग कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढून त्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. जाऊ घाबरून तिच्याकडं बघत होती.

“हं,” सुरेखा हळूच म्हणाली, “भात कसा लावत्यात गं?”

“आक्का, येड लागलं का तुला?”

“सांग की. मला येत न्हाई. पाभरीनंच पेरत्यात ना?”