पडद्याची दोरी

नेरूळला मुलीच्या कॉलेजात नाटक बघायला गेलो होतो. पडदा वर गेला, धुळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी मूठ घट्ट मिटून घेतली.

तेव्हा मी पालिकेच्या शाळेत सातवीत होतो. शाळेला नाट्यस्पर्धेत उतरायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती. परीक्षक एकाला सुट्टीतल्या शिबिरासाठी निवडणार होते. ती आमच्या वर्गातली सुगंधाच असणार, असं बाईसुद्धा म्हणायच्या. तिचं मोठं भाषण अगदी शेवटी होतं. त्याआधी मला स्टेजवर जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं. तोवर विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होतो.

त्या एका वाक्याचीही मला धास्ती वाटत होती. समोर अंधारात माणसं खोकत होती. माझी वेळ आली आणि दोरी दुसऱ्या मुलाकडे देण्याऐवजी मी ती सोडून दिली. पडदा धाडकन खाली आला. पडदा पडला की नाटक संपलं, असा स्पर्धेचा नियम होता. सुगंधाचं भाषण झालंच नाही.

"बाई, हातातून सुटली," मी म्हणालो. सगळ्यांना पटलं.

सुगंधाचा बाप होडीवर जायचा. तिने माझा हात ओढला. "बघू रं, सोलला आसंल. दोर सुटला का आमच्या बाबाचा हात सोलतो." तिने माझी मूठ उघडली. तळहातावर ओरखडाही नव्हता. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तिनेच माझी मूठ मिटली.

ती सांगेल या भीतीने मी आठवडाभर शाळेत गेलो नाही. शिबिर हुकलं, तरी तिने कुणालाच सांगितलं नाही. आता त्याचीच जास्त भीती वाटते.