अकारविल्हे नवरदेव

लातूरला जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि पाऊस मात्र तालुक्याइतकाही पडत नव्हता. पंगतींना पाणी कुठून आणायचं, म्हणून समाजाच्या मंडळींनी सामुदायिक विवाह ठरवला. त्यात माझंही लग्न होतं. मुलगी बिलोलीची, वडील शाळामास्तर. मी लातुरात कॉम्प्युटर शिकवत होतो, म्हणजे चपला बाहेर काढायला लावून पोरांना त्याच्यासमोर बसवत होतो.

लग्नपत्रिकेत पहिलं नाव कुणाचं, यावरून मानपान सुरू झालं. मी फुशारकीनं म्हणालो, नवरदेव अकारविल्हे लावून देतो, मशीनला ना सगा ना सोयरा. मी चार वेगवेगळे ॲरे केले होते, म्हणजे चार सुट्या याद्या. नवरे, त्यांची गावं, नवऱ्या, त्यांची गावं. पहिल्या यादीतला पाचवा नवरा तिसऱ्या यादीतल्या पाचव्या नवरीचा, एवढाच काय तो संबंध. अन् मी गाढवानं फक्त नवरे अन् त्यांची गावं हलवली. नवऱ्या जिथल्या तिथं बसून राहिल्या.

पत्रिका छापून गावोगाव गेल्या, तेव्हा कळलं. माझ्यासमोर धर्माबादच्या मिरची व्यापाऱ्याची मुलगी. समाजापुढं आदर्श म्हणून तो पोरीचं लग्न या मांडवात लावून राहिला होता. माझी बिलोलीची नवरी उदगीरच्या एका किराणावाल्याच्या वाट्याला. मी चूक कबूल करायला गेलो, तर समितीचे अध्यक्ष म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नसतो, त्यानं कुंडल्या पाहिल्या असतील. दोन घरांनी तर नवं स्थळ बरं दिसतंय म्हणून हळूच होकारही कळवला. लई राग आला मला, त्यांचा अन् त्याहून जास्त माझा.

बिलोलीत याचा वेगळाच अर्थ निघाला. मशीन चुकत नाही, मशीन जावयाच्या हातात, अन् जावई निघाला मिरचीवाल्याकडं. मास्तरांनी निरोप धाडला, मन फिरलं असेल तर सरळ सांगा. मला तीच मुलगी पाहिजे होती.

मिळेल ती एसटी धरून गेलो. मास्तरांपुढं कागदाच्या चार पट्ट्या मांडल्या, नवरदेवांच्या दोन्ही पट्ट्या सरकवून चूक दाखवली. ते ऐकत होते, पण पटल्यासारखे दिसेनात. दारात उभी असलेली ती पुढं आली. तिनं कात्रीनं पट्ट्यांचे तुकडे केले, एकेका जोडप्याची दोन नावं, दोन गावं एकाच चिठ्ठीवर डकवली आणि चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसल्या. एकही नवरी दुसऱ्याकडं गेली नाही. पुढं पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो तेव्हा समजलं, याला रेकॉर्ड म्हणतात.

तिनं माझ्याकडं नीट पाहून घेतलं, मग वडिलांना म्हणाली, “अण्णा, ह्यांनी मुद्दाम नाही केलं. ह्यांना खरंच येत नाही.”

मास्तरांनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. “खरं हाय का हे?”

मी, लातुरातला कॉम्प्युटरवाला, मान खाली घालून म्हणालो, “हाव.”